'करतोय', 'करत आलोय', 'करत राहिलो': इंग्रजीतल्या चालू क्रियेचा गुंता

'आय ॲम वर्किंग इन धिस कंपनी सिन्स २०१९.' नोकरीच्या अर्जात, लिंक्डइनवर, मुलाखतीत हे वाक्य इतकं सर्रास भेटतं की त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटतही नाही. वाटतं ते यंत्राला. ईमेलपासून मोबाइलच्या कीबोर्डपर्यंत आता सगळीकडे व्याकरण तपासणारी सोय बसवलेली आहे आणि ती या वाक्याखाली मुकाट रेघ ओढते. रेघेवर बोट ठेवलं की 'हॅव बीन वर्किंग' असं सुचवते. आपण होकार देऊन मोकळे होतो. असं का, हे ना यंत्र सांगत, ना आपण विचारत.

विचारण्यासारखं आहे मात्र. काम २०१९ला सुरू झालं, आजही चालू आहे. चालू काम म्हटलं की क्रियापदाला 'आयएनजी' लावायचा हे शाळेत घोटून घेतलेलं. मग बिघडलं कुठे?

बिघडलं एवढंच, की वाक्य मराठीत अगदी बरोबर आहे. 'मी २०१९पासून या कंपनीत काम करतोय' यात खटकावं असं काही नाही, आणि तेच जसंच्या तसं उचलून इंग्रजीत ठेवलंय. पण 'चालू' या एका शब्दाखाली काय काय येतं, याची वाटणी दोन्ही भाषांनी आपापल्या परीने केलेली आहे. त्यात मराठीचा वाटा चांगला ऐसपैस आहे. चालू क्रियेचे पाच-सात प्रकार आपण बोलता बोलता वेगळे करतो आणि इंग्रजीत शिरताना ते सगळे एकाच आयएनजीत कोंबतो. घोळ तिथे होतो.

पानावर बसलेला आणि दारात उभा असलेला

क्रिया कधी घडली ते काळ सांगतो: काल, आज, उद्या. पण बोलणारा त्या क्रियेकडे कुठून बघतोय, हेही क्रियापदच सांगत असतं. भाषाशास्त्रात याला 'ॲस्पेक्ट' म्हणतात. आपण 'अवस्था' म्हणू आणि हा शब्दही फार वापरणार नाही.

लग्नातली पंगत डोळ्यांसमोर आणा. पानावर बसलेल्याला समोरचा वरणभात दिसतो, वाढप्यांची धावपळ दिसते, शेजाऱ्याने सांडलेला मठ्ठा दिसतो. पंगत कधी बसली आणि कधी उठणार, याच्याशी त्याला त्या घडीला कर्तव्य नसतं. दारात उभा असलेला नवरीचा काका मात्र मोजत असतो: एक पंगत झाली, दुसरी बसायचीय. जेवण तेच, वेळ तीच. 'वुई वेअर ईटिंग' हे पानावरून बोलणं झालं, 'वुई एट' हे दारातून.

म्हणूनच गोष्ट सांगताना 'वॉज' किंवा 'वेअर'च्या मागे आयएनजी आला की ऐकणारा पुढच्या घटनेची वाट बघू लागतो. 'वुई वेअर ईटिंग व्हेन द लाइट्स वेंट आउट.' जेवण चाललेलं असताना दिवे गेले. जेवण पुरं झालं की नाही, ते वाक्य सांगत नाही. त्याला सांगायचंही नसतं.

इथवर मराठी आणि इंग्रजी हातात हात घालून चालतात. 'जेवत होतो' आणि 'जेवलो' यांत आपणही हाच फरक करतो. रस्ते फुटतात ते यापुढे.

आपल्या पदरात काय काय आहे

'बोलणे' हे साधं क्रियापद घ्या. तो बोलतोय, म्हणजे आत्ता. तो बोलत असतो, म्हणजे सवयच आहे. तो बोलत आलाय, म्हणजे पूर्वीपासून आजवर. तो बोलत राहिला, म्हणजे थांबायला हवं होतं किंवा कुणी थांबवू पाहिलं, तरी थांबला नाही. तो बोलत बसला यात वेळ फुकट घालवल्याची तक्रार आहे. बोलत सुटला म्हणजे त्याला आवरणारं कुणी उरलं नाही. आणि बोलत गेला म्हणजे एकातून एक निघत विषय वाढत गेला. असणे, येणे, राहणे, बसणे, सुटणे, जाणे ही साधीसुधी क्रियापदं मागे येऊन उभी राहतात आणि काळाबरोबर बोलणाऱ्याचा सूरही सांगून जातात.

हा हिशेब सगळ्या महाराष्ट्रात एकसारखा नाही, ही गंमत वेगळीच. नागपूरकडे 'काय करून राहिला?' म्हणजे नुसतं 'काय करतोयस?' त्यात थांबायला हवं होतं असा काही भाव नसतो. हिंदीतल्या 'कर रहा है'च्या शेजाराने आलेली ती रीत आहे. पुण्याच्या माणसाने 'तो काम करत राहिला' म्हटलं तर त्यात चिकाटी आहे. दोघांनी आपापलं वाक्य इंग्रजीत नेलं तर एकाचं 'इज वर्किंग' व्हायला हवं आणि दुसऱ्याचं 'केप्ट वर्किंग'.

आता पहिली मोठी चूक. 'मी रोज सकाळी फिरायला जात असतो' याचं 'आय ॲम गोइंग फॉर अ वॉक डेली' होतं. 'जात' दिसला की हात आपोआप आयएनजीकडे जातो. पण 'जात असतो' ही सवय आहे. शाळेतल्या व्याकरणात तिला रीती वर्तमानकाळ म्हणायचे. इंग्रजी सवयीसाठी बिनशेपटाचं साधं रूप वापरतं: 'आय गो फॉर अ वॉक एव्हरी मॉर्निंग.' तुम्ही या घडीला चालत नसलात, घरी चहा पीत असलात, तरी वाक्य खरंच राहतं. उलट 'आय ॲम गोइंग फॉर अ वॉक' म्हटलंत तर समोरच्याला वाटेल तुम्ही चपला घालून निघालाच आहात.

रोजच्या सवयीला आयएनजी लागतोच असंही एक ठिकाण आहे, आणि ते मुख्यतः कुरकुरीसाठी राखीव आहे. 'ही इज ऑलवेज लूझिंग हिज कीज': मेला सारखा किल्ल्या हरवत असतो. 'ऑलवेज'ला आयएनजी जोडला की बोलणाऱ्याच्या कपाळावरची आठी वाक्यात उतरते.

'सिन्स', 'फॉर' आणि परदेशातला मुक्काम

पुन्हा २०१९च्या वाक्याकडे येऊ. इंग्रजीतलं 'ॲम वर्किंग' फक्त आत्ताकडे बघतं, मागे वळून बघायचं काम त्याला येत नाही. 'सिन्स २०१९' मात्र मागे बघायलाच सांगतं. एका वाक्यात दोघांची तोंडं दोन दिशांना होतात. 'हॅव बीन वर्किंग' मागचं टोक आणि आजचं टोक एका दोरीत बांधतं. आपलं 'करतोय' हे दोन्ही एकट्याने करतं, म्हणून मराठीत अशी दोरी सहसा लागत नाही.

यात मराठीच तेवढी वेगळी असं समजू नका. जर्मन माणूस 'मी २०१९पासून इथे राहतो' असं साध्या वर्तमानकाळातच म्हणतो आणि फ्रेंचही तसंच म्हणतो. त्यांची पोरंही इंग्रजी शिकताना नेमकी हीच चूक करतात. मराठी माध्यमामुळे असं होतं म्हणून मान खाली घालायचं कारण नाही; इथे विक्षिप्तपणा इंग्रजीचा आहे.

बऱ्याच जागी या चुकीने काही बिघडत नाही, 'सिन्स' सगळं सावरून घेतो. 'फॉर' मात्र सावरत नाही, आणि तिथे खरोखर अर्थाचा अनर्थ होतो. मुलीकडे अमेरिकेत गेलेल्या आई-बाबांना कुणी विचारलं, 'हाऊ लाँग आर यू हिअर फॉर?' तर प्रश्न असा आहे की एकंदर किती दिवसांसाठी आलात. 'हाऊ लाँग हॅव यू बीन हिअर?' असं विचारलं तर येऊन किती दिवस झाले. बाबांना येऊन तीन आठवडे झालेत, परतीचं तिकीट पाच महिन्यांनी आहे. ते सरळ मनाने म्हणतात, 'आय ॲम हिअर फॉर थ्री वीक्स.' ऐकणारा समजतो की मुक्कामच तीन आठवड्यांचा. पुढे कुणी तिकिटाची तारीख बघितली की बाबांनी आधी वेगळं सांगितलं असं त्याला वाटणार. बाबा खोटं बोललेले नाहीत, ते मराठीत खरं बोलले.

डॉक्टरांपुढे तर याहून जपायला हवं. 'आय ॲम टेकिंग धिस टॅब्लेट फॉर टू मंथ्स' याचा अर्थ 'दोन महिन्यांचा कोर्स दिलाय, तो चालू आहे' असा लागू शकतो. सांगायचं असतं की दोन महिने झाले, गोळी घेतोय, गुण नाही. तिथे 'आय हॅव बीन टेकिंग' हेच हवं. मराठीत 'दोन महिने गोळी घेतोय' म्हटलं की हेच कळतं, म्हणून आपल्याला धोक्याची जाणीवच होत नाही.

मुलाखतीत नेमकी उलटी ठेच लागते. 'आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स' म्हटलं की नोकरी सोडली असं समजलं जातं. अजून तिथेच असाल तर 'आय हॅव वर्क्ड' किंवा 'आय हॅव बीन वर्किंग'. काम करणे आणि राहणे यांच्या बाबतीत या दोन रूपांत फारसा फरक नाही. पण 'आय हॅव रेड युअर रिपोर्ट' आणि 'आय हॅव बीन रीडिंग युअर रिपोर्ट' यांत आहे. पहिल्यात अहवाल वाचून झालाय. दुसऱ्यात वाचन चाललंय, अर्धा राहिला असेल, आणि साहेबांनी तुमच्या टेबलाशी येऊन हे दुसरं वाक्य म्हटलं तर बहुतेक त्यात काहीतरी खटकलेलं सापडलंय.

ओळखायचं कसं? शाळेतल्या काळांच्या तक्त्यात 'आय हॅव बीन रायटिंग'समोर 'मी लिहीत आलो आहे' असा अर्थ दिलेला असतो. आपण तो पाठ करतो आणि विसरतो, कारण घरात असं कुणी बोलत नाही. घरात 'दोन तास लिहितोय' म्हणतात. तरी तक्ता चुकीचा नाही. आपल्या वाक्यातल्या 'करतोय'च्या जागी मनातल्या मनात 'करत आलोय' ठेवून बघा. कानाला थोडं पुस्तकी लागेल, पण अर्थ तोच राहिला तर इंग्रजीत 'हॅव बीन'. अर्थ मोडला तर 'ॲम'. 'मी आत्ता फोनवर बोलतोय' याचं 'मी आत्ता फोनवर बोलत आलोय' होत नाही, म्हणून तिथे 'आय ॲम टॉकिंग'.

'सिन्स किंवा फॉर दिसला की हॅव बीन' हा क्लासमधला नियम मात्र जपून वापरावा. 'सिन्स'चा दुसरा अर्थ 'ज्याअर्थी' असाही आहे, आणि 'फॉर' तर पुढच्या आठवड्यासाठीही येतो. शब्द बघून नियम लावला की फसगत ठरलेली.

'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स'

या वाक्याची खूप टिंगल होते. टिंगल करणाऱ्यांना कारण विचारलं तर तेही गडबडतात.

इंग्रजीत आयएनजी घडणाऱ्या गोष्टीला लागतो. नुसत्या असणाऱ्या गोष्टीला तो सहसा चालत नाही. परीक्षा सोपी आहे: ती गोष्ट मधेच थांबवता येते का? जेवण थांबवता येतं, म्हणून 'आय ॲम हॅविंग लंच' बरोबर. भाऊ थांबवता येत नाहीत, म्हणून 'आय हॅव टू ब्रदर्स'. ओळखणं, मालकी असणं, विश्वास असणं, एखादी गोष्ट माहीत असणं, ही सगळी मंडळी या दुसऱ्या गटातली. त्यामुळे 'सिन्स' आला तरी 'आय हॅव नोन हिम सिन्स कॉलेज' असंच; 'हॅव बीन नोइंग' कधीच नाही.

आपली अडचण अशी की मराठी इथेही सैल आहे. मला दिसतंय, कळतंय, आवडतंय, आठवतंय, वाटतंय: मनातल्या असल्या गोष्टींनाही आपण बेलाशक चालू रूप देतो. 'मला माहीत आहे' यात तर 'आहे' उघडाच बसलेला. मग 'आय ॲम नोइंग' आणि 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग' येणारच. इंग्रजीत 'आय नो', 'आय डोंट अंडरस्टँड' एवढं पुरतं. 'पाहणे'च्या बाबतीत विशेष सांभाळा. 'आय ॲम सीइंग हर' म्हणजे 'ती मला दिसतेय' नव्हे. 'आमचं जमलंय' असा त्याचा अर्थ होतो आणि तो घरी कळला तर वेगळाच विषय सुरू होईल.

तरी ही भिंत पक्की नाही, आणि जिथे भगदाड आहे तिथे इंग्रजी मोठी मजा करतं. 'ही इज रूड' म्हणजे माणूसच उद्धट आहे, स्वभाव तसा. 'ही इज बीइंग रूड' म्हणजे एरवी बरा आहे, आत्ता उद्धटपणा करतोय. एक 'बीइंग' घातला की स्वभाव वागणुकीत बदलतो. आपण 'आज जरा जास्तच करतोय' म्हणतो तो हा प्रकार. कार्यालयात कुणाबद्दल तक्रार लिहायची वेळ आली तर या 'बीइंग'ने बरंच काही वाचवता येतं. सहकाऱ्याच्या स्वभावावर शिक्का न मारता त्या दिवशीच्या वागण्याबद्दल बोलता येतं.

आणि मॅकडोनाल्ड्सने २००३मध्ये जगभर नेलेलं 'आय ॲम लव्हिन इट' हे घोषवाक्य? 'लव्ह' तर असणाऱ्या गटातलं. तिथे नियम मुद्दाम मोडलाय. 'मला हे आवडतं' या कायमच्या आवडीऐवजी 'हा घास तोंडात असताना मजा येतेय' असं त्यांना विकायचं होतं. घास संपतो, म्हणजेच थांबवता येतो. आपल्या परीक्षेत तेही बसलंच.

'कीप', 'गो ऑन' आणि भावंडं

'करत राहिलो' हे एका आयएनजीने सांगता येत नाही. त्यासाठी इंग्रजी वेगळी क्रियापदं पुढे करतं. त्यात 'कीप' सगळ्यात कामाचा. 'द बेबी केप्ट क्राइंग': बाळ रडतच राहिलं. 'ही कीप्स कॉलिंग मी': सारखा फोन करतो. पहिल्यात एकच रडणं लांबलंय, दुसऱ्यात फोन पुन्हा पुन्हा येतायत; 'कीप' दोन्ही सांभाळतो. 'कीप ऑन' म्हटलं की हट्ट किंवा वैताग थोडा वाढतो. विद्यार्थी 'कीप टु स्टडी' लिहितात ते मात्र चालत नाही. या अर्थाच्या 'कीप'ला आयएनजीच लागतो. 'कंटिन्यू'ला दोन्ही चालतात, आणि तो सरकारी पत्रात जास्त शोभतो.

'कीप' आणि आयएनजीच्या मधे माणूस बसवला की आणखी एक छान वाक्य मिळतं: 'दे केप्ट अस वेटिंग.' याला मराठीत तयार जोड आहे: आम्हाला ताटकळत ठेवलं. 'ठेवणे' आणि 'कीप' इथे अगदी जुळ्या भावांसारखे वागतात. पण मधे 'फ्रॉम' शिरला की सगळं उलटतं. 'द रेन केप्ट अस फ्रॉम प्लेइंग' म्हणजे पावसाने आम्हाला खेळत ठेवलं नाही, खेळूच दिलं नाही. घाईत वाचताना हा 'फ्रॉम' निसटतो आणि बातमीचा अर्थ फिरतो.

'गो ऑन'ची खोड वेगळी. त्याच्यामागे आयएनजी आला तर तेच चालू राहिलं, आणि 'टु' आला तर पुढचं काहीतरी सुरू झालं. सचिन तेंडुलकरने १९८९ साली कसोटीत पदार्पण केलं 'अँड वेंट ऑन टु स्कोअर' शंभर आंतरराष्ट्रीय शतकं. म्हणजे पुढे जाऊन शंभर शतकं केली. 'वेंट ऑन स्कोअरिंग' म्हटलं तर आधीपासून धावा काढत होता, त्या काढतच राहिला. तेंडुलकरच्या बाबतीत दोन्ही खरं असलं तरी पदार्पणानंतर लगेच दुसरं वाक्य शोभणार नाही, कारण आधी मोजण्यासारखी शतकंच नव्हती. मान्यवरांच्या परिचयात 'वेंट ऑन टु बिकम' हमखास येतं. तिथे 'होत राहिले' असं भाषांतर करू नका.

हाच खेळ 'स्टॉप'मध्ये आहे, आणि इथे मराठी आपल्या मदतीला धावून येते. 'आय स्टॉप्ड ड्रिंकिंग टी': चहा प्यायचं थांबवलं. 'आय स्टॉप्ड टु ड्रिंक टी': चहा प्यायला थांबलो. 'प्यायचं' आणि 'प्यायला' यांत आपली कधीच गल्लत होत नाही. इंग्रजीतही होऊ नये, फक्त वाक्य लिहिण्याआधी एकदा मनात मराठीत म्हणायचं.

'कॅरी ऑन' म्हणजे 'चालू द्या'. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ साली, ब्रिटिश सरकारने 'कीप काम अँड कॅरी ऑन' असं भित्तिपत्रक छापलं होतं (इथला 'काम' म्हणजे शांत, आपलं काम नव्हे). तेव्हा ते फारसं लावलंच गेलं नाही. २००० साली पुन्हा सापडलं आणि मग चहाच्या कपांपासून टी-शर्टांपर्यंत पसरलं.

राहिला 'बोलत सुटला'. त्याला 'ही वेंट ऑन अँड ऑन' बऱ्यापैकी जवळचं. पोरी गच्चीवर निवांत बडबडत असतील तर 'चॅटिंग अवे'; त्या 'अवे'त कौतुक आहे, वैताग नाही. 'बोलत बसला'तल्या 'बसला'ला मात्र तयार जोड नाही. 'वेस्टेड अ होल आफ्टरनून टॉकिंग' असं काही फोडून सांगावं लागतं.

'टायपिंग' दिसतं, मेसेज येत नाही

व्हॉट्सॲपवर समोरच्या नावाखाली 'टायपिंग' चमकतं. थांबतं. पुन्हा चमकतं. मेसेज काही येत नाही. त्या माणसाने टाइप केलं हे खरं, मेसेज लिहिला हे मात्र खरं नाही. भाषेचे तत्त्वज्ञ यावर बरंच डोकं खाजवतात: 'ही वॉज क्रॉसिंग द रोड' खरं असलं तरी 'ही क्रॉस्ड द रोड' खरं असेलच असं नाही. चालू क्रिया पुरी होण्याची हमी देत नाही.

ही पळवाट सगळ्यांना पाठ आहे. 'वुई आर लुकिंग इनटु इट', 'द मॅटर इज बीइंग एक्झामिन्ड', 'योर रिफंड इज बीइंग प्रोसेस्ड'. यातलं एकही वाक्य खोटं ठरवता येत नाही आणि एकही तुम्हाला तारीख देत नाही. आपल्याकडच्या 'काम चालू, रस्ता बंद' पाटीचं हेच सामर्थ्य आहे. तुम्ही ग्राहक असाल तर उत्तरात आयएनजी दिसल्याबरोबर 'बाय व्हेन?' विचारा. आणि तुम्हीच लिहिणारे असाल, काम झालं असेल, तर 'आय ॲम सेंडिंग' लिहून श्रेय घालवू नका. 'आय हॅव सेंट' लिहा.

फलाटावर ऐकू येतं ते 'इज अरायव्हिंग' यातलं नव्हे. गाडी अजून दोन स्टेशनं मागे असते. ठरलेल्या, जवळच्या गोष्टीला इंग्रजी आधीच चालू म्हणतं. घरातून पाय न काढता 'निघालोय, पोचतोच' म्हणणाऱ्यांना हे वेगळं शिकवायला नको.

'समोरच्याला कळलं ना? मग झालं की!'

हा आक्षेप रास्त आहे. 'वर्किंग सिन्स २०१९' कुणालाही कळतं, आणि त्यावरून उमेदवाराची लायकी ठरवणारा माणूस माझ्या मते कोता आहे. पण वर पाहिलं तसं गोळी, मुक्काम, सोडलेली नोकरी, 'केप्ट फ्रॉम' आणि 'वेंट ऑन टु' या ठिकाणी समोरच्याला कळतं खरं, ते भलतंच कळतं, आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो. चूक झाल्याचं दिसलं तर दुरुस्त तरी करता येते. वेळ थोडा असेल तर एवढ्या जागा सांभाळा, बाकीचं सोडून द्या.

'हे आपलं भारतीय इंग्रजी आहे, त्याला चूक का म्हणायचं?'

हाही मुद्दा वजनदार आहे. आयएनजीचा असा सढळ वापर भारतभर आहे, इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांतही आहे. आणि इंग्रजांचं इंग्रजी तरी कुठे एका जागी उभं होतं? शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये, साधारण १६००च्या सुमारास, हातात पुस्तक घेतलेल्या राजपुत्राला पोलोनियस विचारतो, 'व्हॉट डू यू रीड, माय लॉर्ड?' आज हे वाक्य कुणी परीक्षेत लिहिलं तर गुण जातील. आज तिथे 'आर यू रीडिंग' लागतं. घर बांधलं जातंय हे सांगायला पूर्वी 'द हाउस इज बिल्डिंग' म्हणत. 'इज बीइंग बिल्ट' हे रूप अठराव्या शतकाच्या अखेरीस रुळायला लागलं आणि पुढच्या शतकात व्याकरणाचे सोवळेकरी त्याला ओंगळ म्हणून नाकं मुरडत होते. आज त्याच्यावाचून एक बातमी लिहून होत नाही.

म्हणजे आयएनजीचा पसारा वाढतच आलाय, आणि आपण त्याला थोडा आणखी रेटा देतोय. उद्या 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग' जगभर चाललं तर मला नवल वाटणार नाही. तोवर हिशेब सोपा ठेवावा: मित्राला, भावकीला, चहाच्या टपरीवर बिनधास्त बोला. अर्ज, करार, दवाखाना, व्हिसा इथे वाचणारा कोण आहे ते बघून लिहा.

मग मुलांना शिकवायचं कसं?

बारा काळांचा तक्ता घोकून घेण्याला माझा विरोध नाही, पण तो दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी मराठीच घ्यावी. फळ्यावर आजी आणि एसटीची वाट, एवढं पुरे. 'आजी वाट बघतेय' आणि 'आजी दोन तास वाट बघतेय' ही दोन वाक्यं शेजारी लिहा आणि कुठे 'बघत आलीय' बसतं ते पोरांनाच विचारा. पहिलं 'आजी इज वेटिंग', दुसरं 'आजी हॅज बीन वेटिंग फॉर टू आवर्स'. मग 'आजी रोज इथेच वाट बघत असते': 'आजी ऑलवेज वेट्स हिअर', आयएनजी नाही. 'गाडी गेली तरी आजी वाट बघत राहिली': 'आजी केप्ट वेटिंग'. 'एसटीने आजीला ताटकळत ठेवलं': 'द बस केप्ट आजी वेटिंग', आणि इथे कुणी तरी नक्की विचारतं की दोन्हीकडे 'केप्ट'च कसा. विचारू द्या, दोन्ही वाक्यांत वाट कोण बघतंय आणि ठेवतंय कोण, एवढंच त्यांना शोधायला लावा. शेवटी 'आजी वाट बघत बसली'. तिथे 'आजी सॅट वेटिंग' चालतं, कारण या खेपेला ती स्टँडवरच्या बाकावर खरोखर बसलेली असते.